पारड्याखालची चिंच

साहेबांच्या घरात पोळ्यांचं पीठ मला कधी आपल्या हाताने डब्यातून घ्यायला मिळालं नाही. मी गेले की ते स्वयंपाकघरात यायचे, ओट्यावर पितळी तराजू मांडायचे, पारड्यात पीठ घालायचे आणि काटा स्थिर होईपर्यंत गप्प उभे राहायचे. मग म्हणायचे, "बाई, तुम्हीही बघून घ्या. नंतर बोलायला नको." डबा बंद करण्याआधी पीठ तळहाताने सपाट करायचे आणि त्यावर बोटाने एक रेघ ओढायचे. रेघ मोडली म्हणजे मागाहून कोणीतरी डब्यात हात घातला, हे त्यांना कळायचं.

पहिल्या दिवशी मला रडूच आलं. काही न घेताच चोर ठरल्यासारखं वाटलं. काकू, म्हणजे साहेबांची बायको, दारातून हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस गं. आमच्या लग्नात मंगळसूत्रसुद्धा यांनी मांडवात परत तोलून घेतलं होतं. गळ्यात हार तसाच."

"बरोबर भरलं ना?" साहेब म्हणाले.

"भरलं हो."

"मग झालं तर."

साहेब सरकारात वजनमापांच्या खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती तरी नजर तीच. गिरगावात तिसऱ्या मजल्यावर दोघंच राहायचे, मूलबाळ नव्हतं. मी नायगावहून बसने स्वयंपाकाला जायची. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणायचे आणि जिन्यात काटा म्हणायचे. "काटा उठला का?" खालचा इस्त्रीवाला मला विचारायचा. मी मान खाली घालून वर जायची. मला बोलायचं सुचत नाही, आणि तिथे तर बोललेलं वर पोचेल याचीच धास्ती.

मासे घ्यायला ते मला बरोबर न्यायचे, पण मासा त्यांनी कधी आधी पाहिला नाही. आधी पारडं उचलायचं आणि उलटं करून बघायचं. कोळीण वैतागायची.

"या साहेब. आज चाटूनच बघा पारडं."

"कालचं धुतलेलं नाही वाटतं."

"धुतलं की वजन कमी होतं म्हणाल. नाही धुतलं की जास्त होतं म्हणाल. तुमची बायको कशी नांदते तुमच्याकडे?"

"तोलून मापून," साहेब म्हणायचे आणि बांगडे घ्यायचे.

पारडं उलटं करायची खोड कुठून आली ते त्यांनी मला एकदा भाजी निवडताना सांगितलं होतं. लालबागच्या बाजूला एक किराणा दुकानदार होता. गिऱ्हाईक तक्रार करायचं, पण तपासायला जावं तर वजनं खरी, तराजू खरा, शिक्का खरा. साहेब तीनदा हात हलवत परत आले. चौथ्यांदा त्यांनी मालाचं पारडं उचलून खालून हात फिरवला, तर चिंचेचा गोळा चिकटवलेला. मूठभर माल कमी घातला तरी काटा बरोबर यायचा.

"बाई, काटा स्वतःहून खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "काय चिकटलंय ते आधी बघायचं. मग कोणावर शंका घ्यायची ती घ्या."

हे त्यांनीच सांगितलेलं मला पुढे फार आठवलं.

काकूंचा स्वभाव अगदी उलटा. कोणावर शंका नाही, कशाची मोजदाद नाही. त्या बिल्डिंगमधल्या बायकांच्या भजनी मंडळात पुढे बसून गायच्या. सकाळी आंघोळ झाली की ओल्या केसांनी देवापुढे बसून अभंग म्हणायच्या. आवाज बारीक आणि स्वच्छ, जोर न लावता वर जाणारा. मला तो दुसऱ्या मजल्यावरच ऐकू यायचा. मी तिथे कठड्याला धरून थांबायची. कोणी विचारलं तर दम लागला म्हणून सांगायची.

साहेबांना डोकेदुखी सुरू झाली आणि एका डोळ्याच्या कडेचं दिसेनासं झालं. तपासण्यांत मेंदूच्या खाली बोराएवढी एक गाठ निघाली. ती नाकातून काढली. साहेब घरी आले ते वाळलेल्या पानासारखे. दिवसभर झोपायचे. पीठसुद्धा बसून मोजायचे. दाढी वाढायची थांबली. गाल पोरासारखे गुळगुळीत झाले. ते रोज आरशात गालावरून हात फिरवायचे आणि आम्हा दोघींकडे वळून बघायचे, जणू दाढी आम्हीच कुठे लपवून ठेवलीय.

मग त्या पुड्या आल्या. चांदीच्या कागदातल्या, आत गुळगुळीत मलमासारखं जेल. सकाळी आंघोळीनंतर साहेब उघड्या अंगाने स्टुलावर बसायचे आणि काकू त्यांच्या दंडाला ते चोळायच्या. मी पाठ करून पोळ्या लाटायची. खोक्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र होतं. ते कचऱ्यात दिसलं तेव्हा माझ्या मनात वाईटच आलं. या वयात असलं औषध कशाला? इस्त्रीवाला तर उघड हसायचा. "काटा परत वर चढला म्हणायचा." मी घरी जाऊन काम सोडायचा विचार करत बसले. मला तिथे एकटीने साहेबांसमोर उभं राहायलाही नको वाटायला लागलं.

काकूंनी ओळखलं. मला गॅलरीत नेऊन म्हणाल्या, "तुझ्या मनात आहे ना, तसलं काही नाही गं ते. पुरुषाच्या अंगात एक रस तयार होतो. गाठ काढल्यापासून यांच्या अंगात तो तयारच होत नाही. तो नसला की हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी होतं, माणूस गळून जातो. जे कमी पडतं ते बाहेरून घालायचं, एवढंच. आणि जास्त होऊ नये म्हणून सारखं रक्त तपासायचं. जास्त झालं की रक्त दाट होतं, त्याचाही धोका."

मी मान हलवली. पण माझी शंका पूर्ण गेली नाही. त्या घरात राहून शंका मलाही लागली होती.

औषध लागू पडलं. साहेब तरतरीत झाले, दाढी आली. दाढी करताना गुणगुणायचे. आणि रक्ताची तपासणी म्हणजे तर त्यांच्या आवडीचंच काम. दर तीन महिन्यांनी सकाळी उपाशीपोटी, दहाच्या आत. आदल्या दिवशी मला हळद कमी घालायला सांगायचे, हळदीने रक्ताचा रंग बदलेल म्हणून. गिरगावातल्या लॅबमध्ये सुई टोचणाऱ्या मुलीला ते तिची तारीख, वेळ, बाटलीवरचं नाव सगळं विचारायचे. "आजोबा, रक्त तुमचंच आहे, मी समोर काढलंय," ती म्हणायची. "समोरून आत गेलं की कोणाचंही होतं," साहेब म्हणायचे.

साहेब असे तरारले आणि त्याच सुमाराला काकूंचा आवाज बसला.

आधी वाटलं सर्दी. मग घसा खरखरीत झाला, वरच्या सुरात फाटायला लागला. काढे झाले, गुळण्या झाल्या, घशाच्या डॉक्टरने नळी घालून पाहिलं आणि वय झालं म्हणाला. आवाज दिवसेंदिवस खालीच जात होता. काकूंनी मंडळात जाणं कमी केलं. मग सकाळी देवापुढेही नुसते ओठ हलायला लागले. दुसऱ्या मजल्यावर थांबायचं मला काही कारण उरलं नाही.

साहेबांनी चोर शोधायला सुरुवात केली. आधी माझी फोडणी. "मोहरी करपवता तुम्ही. तो धूर तिच्या घशात जातो." मग लोणचं. मग मंडळातली एक बाई, जिला काकूंची पुढची जागा हवी होती. ती प्रसादात काहीतरी घालते असं साहेबांचं मत झालं आणि त्यांनी प्रसादाचा शिरा आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवला. तो शेवटी मीच टाकला.

काकू मात्र पदर वर ओढून बसायला लागल्या होत्या. हनुवटी झाकायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, "दादरला येशील माझ्याबरोबर? भाजीला जातोय म्हणून सांगू." दादरला भाजीच्या गल्लीपलीकडे त्यांनी एक पार्लर शोधून ठेवलं होतं. गिरगावातलं नको, तिथे सगळ्या ओळखीच्या. पडद्याआड पार्लरवाली मुलगी दोऱ्याने त्यांच्या हनुवटीवरचे केस काढायची. दोन-चार नव्हते. काकू डोळे मिटून बसायच्या आणि मी बाकावर त्यांची पर्स धरून बसायची. येताना घाईत पाव किलो गवार घ्यायची.

"दोन तास," साहेब म्हणाले, "आणि पाव किलो गवार?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कणीक मळायला घेतली.

पुढच्या खेपेला मी पार्लरच्या बाकावर बसले असताना पडद्याच्या फटीतून समोर नजर गेली. पलीकडच्या साडीच्या दुकानाखाली साहेब उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, ऊन असून उघडलेली, तोंड झाकायला. काकूंना सांगावं तर पार्लरवाली ऐकेल. मी पडद्याची फट ओढून बंद केली. बाहेर आलो तेव्हा ते तिथे नव्हते.

आम्ही घरी पोचलो तर साहेब स्टुलावर बसून होते. छत्री मांडीवर.

"पार्लर," ते म्हणाले. "या वयात. कोणासाठी?"

मी चपला न काढता दारातच उभी राहिले. काकूंनी भाजीची पिशवी खाली ठेवली, पदर हनुवटीवरून बाजूला केला. हनुवटी लाल झाली होती.

"कोणासाठी नाही," त्या म्हणाल्या. त्या खरखरीत, उतरलेल्या आवाजात म्हणाल्या. "मी दाढी करायला जाते."

साहेबांनी मांडीवरची छत्री उचलून भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "बुधवारी मला औषधाच्या डॉक्टरबाईंकडे जायचंय. तूही चल. त्यांच्यासमोर सांग हे." अजूनही त्यांना साक्षीदार हवा होता. काकू म्हणाल्या, "ही येणार असेल तर येते." अशी मी त्या तिघांत एक झाले.

बुधवारी साहेबांचं वेगळंच भांडण होतं. झालं असं, की आधीच्या दोन रिपोर्टांत त्यांचा आकडा फार वर आला होता, म्हणून डॉक्टरबाईंनी पुडी अर्धी केली होती. पुडी अर्धी झाली आणि साहेब पुन्हा गळाठले, बसल्या जागी झोपायला लागले. आकडा जास्त आणि माणूस गळालेला, हे त्यांना पटेना. त्यांनी लॅबला पकडायचं ठरवलं. एकाच सकाळी गिरगावात रक्त दिलं आणि लगेच टॅक्सीने लोअर परळच्या नव्या काचेच्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा दिलं. गिरगावचा आकडा परळच्या तिप्पट आला. साहेबांना इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

बुधवारी डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे वाकून काटा शून्यावर आहे ना ते पाहिलं. मग दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले.

"डॉक्टर, या दोघांत एक चोर आहे. कोण तेवढं सांगा. पुढचं मी बघतो."

डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "मलाही गेल्या वेळपासून कोडंच होतं. आकडा एवढा वर, पण रक्त दाट झालेलं नाही." मग विचारलं, "जेल कुठे लावता तुम्ही?"

"उजव्या हाताला. डाव्या खांद्याचं जुनं ऑपरेशन आहे, अजून दुखतो, तिथे लावलं की आग होते. म्हणून सगळं उजव्यालाच, खांद्यापासून कोपरापर्यंत."

"तपासणीच्या दिवशीही?"

"एक दिवस चुकवलेलं नाही," साहेब ताठ बसून म्हणाले.

"आणि गिरगावात रक्त कुठल्या हाताचं काढतात?"

साहेबांनी उजवा हात पुढे केला. कोपराच्या खोबणीत सुईचा डाग होता. "तिथे खुर्ची भिंतीला लागून आहे. डावा हात त्या बाजूला जातो."

"आणि परळला?"

"डावा."

"दोन्ही लॅब खऱ्या आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फक्त गिरगावात तुमच्या रक्ताबरोबर कातडीवरचं औषधही सुईतून गेलं. स्पिरिटने पुसलं तरी ते सगळं जात नाही. तो आकडा तुमच्या अंगातला नाही, अंगावरचा आहे. आणि मी त्यावर तुमचा डोस कमी केला."

साहेब स्वतःच्या कोपराकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "चिंच."

"काय?"

"काही नाही."

मला वाटलं आता संपलं. काकूंनाही तसंच वाटलं असावं, त्या उठायला लागल्या. पण डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "डावा खांदा दुखतो म्हणता, मग उजव्याला लावून कोण देतं?"

"मी," काकू म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "जरा अजून बोला."

"काय बोलू? लग्न झाल्यापासून तेल मीच लावते यांना. हेही तसंच."

"आवाज कधीपासून असा आहे?"

काकूंनी पदर ओढला. साहेब म्हणाले, "त्याचं वेगळं आहे, डॉक्टर. त्याला वर्ष होईल. आणि हिला…" ते थांबले. जे सांगायला काकूंना आणलं तेच त्यांना सांगवेना. काकूंनी पदर आपल्याच हाताने खाली केला. डॉक्टरबाई उठून त्यांच्याजवळ आल्या आणि हनुवटी नीट पाहिली.

"लावून झाल्यावर हात धुता?"

"धुते की. साबणाने."

"लगेच?"

"आधी हाताला उरलेलं आपल्या कोपरांना लावते. मानेला लावते. मग धुते." मग काकूंनी डॉक्टरबाईंना समजावून सांगितलं. "एवढं महागाचं औषध, नळाखाली कशाला घालवायचं? तेलाचंही आपण तसंच करतो ना."

तसंच करतो. माझ्या आईने केलं, मी करते. उरलेलं तेल कोणी धुऊन टाकत नाही.

"त्या कागदावर लिहिलं होतं सगळं," साहेब एकदम म्हणाले. आवाज चढला होता. "मी भिंग घेऊन वाचलं. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना लागू देऊ नये. आमच्या घरात दोन्ही नाहीत."

"बाई तर आहे ना घरात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

साहेबांनी काकूंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना कशाकडे तरी असं बघताना मी पाहिलं नव्हतं, म्हणजे काही शोधायचं नसताना.

"आवाज परत येईल?" त्यांनी विचारलं.

"केस कमी होतील, हळूहळू. आवाजाचं मी वचन देत नाही."

काकूंचं रक्त तपासलं. गिरगावच्याच लॅबमध्ये. खुर्ची भिंतीपासून ओढून साहेब स्वतः शेजारी उभे राहिले. त्या मुलीला काही विचारलं नाही. बाटलीवरचं नावही वाचलं नाही. रिपोर्ट आला, त्यात बाईच्या अंगात असायला नको इतका तो रस होता. मला वाटलं आता परळला नेतील, दुसऱ्यांदा मोजतील. त्यांनी कागदाची घडी घातली आणि देवाच्या फळीवर ठेवून दिली.

साहेबांचं जेल बंद होऊन सुई सुरू झाली. ती घ्यायला ते दवाखान्यात जायचे, घरात काही आणायचे नाहीत. काकूंनी तेल लावायला घेतलं तर हात मागे घ्यायचे. "अहो, हे नुसतं खोबरेल आहे," काकू म्हणायच्या. साहेब बाटलीचा वास घ्यायचे, मग दंड पुढे करायचे.

काकूंची हनुवटी साफ झाली. पुढचा रिपोर्ट चांगला आला. दादरला जाणं थांबलं, गवार गिरगावातूनच यायला लागली. आवाज मात्र होता तिथेच राहिला. काकू मंडळात परत गेल्या. पुढे नाही बसल्या, मागच्या रांगेत भिंतीशी बसून खालच्या सुरात साथ धरायच्या. ज्या बाईवर साहेबांनी शिऱ्याचा आळ घेतला होता ती आता पुढे गायची. काकू म्हणायच्या, बरी गाते गं ती.

तेव्हापासून साहेबांनी एक नवीनच सुरू केलं. काकू आंघोळीला गेल्या की पीठ मोजता मोजता मला विचारायचे, "आज आवाज कसा वाटला?"

मी काय सांगणार? "थोडा फरक वाटतो," म्हणायची.

ते माझ्याकडे बघायचे. कोळणीचं पारडं उलटं करताना बघायचे तसं. "किती फरक?" विचारायचे. मग स्वतःच म्हणायचे, "आवाजाला काटा नाही, बाई. मला आधीचा नीट आठवत नाही. मी कधी लक्ष देऊन ऐकलाच नव्हता. तुम्ही जिन्यात थांबून ऐकायच्या. मला माहीत आहे."

मी जिन्यात थांबायची हे त्यांनी कधी पाहिलं, कोण जाणे. त्यांनी पाहिलं नाही असं त्या घरात काही नव्हतं.

बरेच महिने मी थोडा फरक, थोडा फरक असं सांगत राहिले. एका सकाळी काकू आतून देवापुढचं म्हणत होत्या. नेहमीचंच, पण खाली उतरवून, पुरुषाने म्हणावं तसं. साहेबांनी विचारलं आणि मला खोटं सुचलं नाही.

"साहेब, आहे तसाच आहे," मी म्हटलं. "आता असाच राहील."

ते तराजू हातात धरून उभे राहिले. आतलं म्हणणं संपेपर्यंत हलले नाहीत. मग तराजू फळीवर ठेवला, पिठाचा डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "घ्या तुम्हीच." आणि बाहेर गॅलरीत जाऊन बसले.

त्यांचा भरवसा काय, पुन्हा काही पारख चालली असेल. मी झाकण काढून आधी आत पाहिलं. पीठ वरखाली, उंचसखल होतं. त्यावर कुठेही रेघ नव्हती.